मोटारीचें पाणी जातें कोठें?

वऱ्हाडांत उन्हाळ्याच्या दिवसांत मोटारीनें प्रवास करणाऱ्या कुटुंबांची एक जुनी रीत होती. घरांतून निघतांना दोन भांडीं भरून घ्यावयाचीं. एक माणसांचें व एक गाडीचें. माणसांच्या भांड्यांत वाळा टाकलेला असे व त्याला ओलें फडकें गुंडाळलेलें असे. गाडीचें भांडें म्हणजे पत्र्याचा जुना डबा. तो मागें डिकींत, सामानाच्या कोपऱ्याला. आणि गंमत अशी कीं, अकोल्याहून अमरावतीस पोंचेपर्यंत पहिलें भांडें अर्धें उरे, दुसरें मात्र मूर्तिजापूर येण्यापूर्वींच रिकामें झालेलें असे. गाडी पाणी पिते हें सर्वांना ठाऊक होतें. तें पाणी जातें कोठें, हा प्रश्न मात्र फारच थोड्यांनीं विचारला. आज त्या प्रश्नाचा इतिहास मला आपणांस सांगावयाचा आहे. इतिहास हा शब्द मीं जाणून वापरला आहे. इंजिनांतील गळती शोधण्याची विद्या मोटारीबरोबर बदलत आली, आणि आपल्या वऱ्हाडांत तिला येथल्या जमिनीनें एक निराळेंच वळण दिलें.

प्रथम घरचीच हकीगत सांगतों. माझ्या वडिलांजवळ एक पद्मिनी होती. जुनीच विकत घेतलेली. १९८४ च्या मे महिन्यांत आम्ही अकोल्याहून अमरावतीस एका लग्नाला निघालों होतों. बोरगांव मंजू मागें पडलें आणि थोड्याच वेळांत बॉनेटच्या फटींतून वाफ निघूं लागली. वडिलांनीं गाडी एका बाभळीखालीं उभी केली. डबा आधींच रिकामा झालेला. शेजारच्या शेतांतून एक वृद्ध शेतकरी आमची अडचण पाहून बादली घेऊन आला. "पानी खारं हाये, भाऊ," तो म्हणाला, "पन इंजिनाले काय समजते? आमी तं हेच पेतो." वडिलांनीं त्याचे आभार मानले, इंजिन निवण्याची वाट पाहिली आणि तें पाणी हळूहळू ओतलें. गाडी सुरू झाली, लग्नाचा मुहूर्तही गांठला. त्या उन्हाळ्यांत असें तीनदां घडलें, आणि तिन्ही वेळां रस्त्याकडेच्या कोणत्या ना कोणत्या विहिरीनें आमची लाज राखली. इंजिनाला काय समजतें, हें आम्हांला पावसाळ्यांत कळलें. पण तें पुढें.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत पाणी कमी होणें हा रोगच नव्हता. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं ज्या तीन चाकी गाडीचें पेटंट घेतलें, तिच्या इंजिनाभोंवतीं पाणी खेळविलेलें असे आणि तें उकळून हवेंत जात असे. इंजिन थंड ठेवण्याची योजनाच ती. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्याची पत्नी बेर्था ही दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीनें गेली. हें अंतर सुमारें शंभर किलोमीटर, म्हणजे आपल्या अकोला-अमरावतीएवढेंच. वाटेंत जेथें पाणी दिसेल तेथें तिला थांबावें लागलें. त्या बाईंना कोणी "पाणी कोठें गळतें?" असें विचारलें असतें, तर प्रश्नाचा अर्थच त्यांना कळला नसता.

पुढें विल्हेल्म मायबाख यानें १९०० सालीं मर्सिडीझ गाडीकरितां मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडून त्यांतून वारा जाऊं द्यावयाचा व त्यांच्यामधील फटींतून पाणी फिरवावयाचें, ही त्याची कल्पना. पस्तीस अश्वशक्तीच्या इंजिनाला आतां नऊ लिटर पाणी पुरूं लागलें. पाणी उडून जाण्याऐवजीं तेंच तेंच फिरूं लागलें, आणि ज्या क्षणीं तें फिरून परत येणें अपेक्षित झालें त्याच क्षणीं तें परत न येणें हा दोष ठरला. फोर्डच्या प्रसिद्ध टी मॉडेलमध्यें तर बहुतेक गाड्यांना पंपही नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे, निवलेलें जड होऊन खालीं येई, एवढ्यावरच काम भागे. अशा गाडींत पाण्यावर दाब जवळजवळ नसे. गळती लागलीच तर ती रेडिएटरच्या जोडांतून ठिबके व डोळ्यांना दिसे. शोधून काढण्यासारखें त्यांत थोडेंच होतें.

हिंदुस्थानांत मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. १९२८ पासून शिवडीच्या कारखान्यांत शेव्हरोलेट गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. वऱ्हाडांत मोटार घेण्याइतका पैसा होता तो कापसाचा. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ मध्यें, येथल्या कापसाला जो भाव आला त्यानें या प्रांताचें रूपच पालटलें. १८६७ सालीं रेल्वे नागपुरास पोंचली, आणि तिच्या दोहों बाजूंस सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले. जिनिंग-प्रेसिंगच्या त्या कारखान्यांत वाफेचीं इंजिनें होतीं. मोटारीचा रेडिएटर पाहण्यापूर्वीं वऱ्हाडानें बॉयलर पाहिला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बॉयलरच्या पाण्यांत क्षार असतील तर आंत पांढरा थर बसतो, त्या थरामुळें उष्णता पाण्यापर्यंत नीट पोंचत नाहीं, आणि पत्रा जळतो; हें ज्ञान वाफेवर काम करणाऱ्या प्रत्येकाला अनुभवानें येतें. मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळ व दुसरीकडे अचलपूर अशी जी चिमुकली शकुंतला रेल्वे होती, तिचें १९२१ सालीं मँचेस्टरला बांधलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत चालत होतें. आज ती गाडी धांवत नाहीं. पण एक यंत्र सत्तर वर्षें तगतें तेव्हां तें केवळ पोलादाच्या गुणानें तगत नाहीं. त्याच्या पोटांत काय घालावयाचें व किती दिवसांनीं तें धुवून काढावयाचें, हें जाणणारीं माणसें त्याच्याजवळ असावीं लागतात.

आतां येथल्या पाण्याविषयीं. सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांचें पाणी घेऊन पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत तापीस मिळते. तिच्या खोऱ्यांत गाळाची खोल जमीन आहे, निचरा मंद आहे, आणि त्या जमिनीच्या पोटांत मीठ आहे. सुमारें चार हजार सातशे चौरस किलोमीटरांचा हा खारपाणपट्टा. शेंकडों गांवांच्या विहिरींना जें पाणी लागतें, तें जिभेवर ठेवतांच कळतें. दहीहांड्याच्या बाजूस तर एके काळीं विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. अकोल्याहून अमरावतीकडे येणारा मोठा रस्ता या पट्ट्याला लागूनच जातो, आणि उत्तरेस दर्यापूर-अकोटाकडे वळलें तर तो पट्टा ओलांडल्याविना गत्यंतरच नाहीं. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांच्या वर सहज चढतो. म्हणजे गाडीला तहान अधिक लागावयाची तेथेंच, आणि पाणी वाईट मिळावयाचें तेंही तेथेंच.

तरी जुन्या गाड्यांनीं हें पाणी बरेंच पचविलें. त्यांचें इंजिन बहुधा सगळेंच ओतीव लोखंडाचें असे. १९५७ पासून २०१४ पर्यंत निघालेल्या अँबॅसडर गाडीचें पेट्रोल इंजिन दीर्घकाळ असेंच होतें. डोकें लोखंडी, धड लोखंडी. त्यांत गंज धरे, गाळ सांचे, पण तें बेटें दमानें घेई. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांत १९५४ पासून इटलीची फियाट ११०० तयार करण्यास आरंभ केला. हीच गाडी पुढें पद्मिनी या नांवानें घरोघर पोंचली आणि तिच्या टॅक्सीनें मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला तो २०२३ च्या ऑक्टोबरांत. हिच्या इंजिनाचें धड लोखंडाचें, पण डोकें ॲल्युमिनियमचें, आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन निरनिराळे धातु एकाच पाण्यांत उभे. शाळेंत आपण तांब्याची व जस्ताची पट्टी मिठाच्या पाण्यांत बुडवून विजेचा घट तयार केला असेल. त्या घटांत एक धातु दुसऱ्यापायीं झिजतो. पद्मिनीच्या इंजिनांत खारें पाणी घालणें म्हणजे असाच एक घट चालू करून देणें होय; आणि येथें झिजण्याची पाळी येते ॲल्युमिनियमवर.

त्यांतच दुसरा एक फरक झाला होता. नव्या गाड्यांच्या रेडिएटरला दाबाचें झांकण आलें. पाण्यावर चौरस इंचास एक पौंड दाब वाढला कीं तें सुमारें पावणेदोन अंश उशिरा उकळतें. सात पौंडांचें झांकण असेल तर बारा अंशांची सवड मिळते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला ही सवड म्हणजे वरदानच, कारण सुमारें अकराशें मीटर उंचीवर उघडें पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. पण दाब आला म्हणजे तो दुबळी जागा शोधतो. पूर्वीं जें नुसतें पाझरलें असतें, तें आतां फवाऱ्यासारखें उडूं लागलें. आणि गाडी थांबून निवली कीं तो फवाराही थांबे. पाहावयास जावें तर सगळें कोरडें! गळती अदृश्य झाली ती येथून. तिचें निदान करावें लागूं लागलें तें येथून.

आणि वऱ्हाडांत तर रोग व औषध यांचा एक फेराच तयार झाला. समजा, इंजिनांत पांच लिटर पाणी मावतें. जें थेंबाथेंबानें गळतें तें आपल्याबरोबर मीठही घेऊन जातें. परंतु जें उकळून वाफ होतें तें मीठ मागें ठेवून जातें. त्यावर पुन्हा खारें पाणी, पुन्हा वाफ, पुन्हा खारें पाणी. जूनअखेर त्या पांच लिटरांत कित्येक बादल्यांचें मीठ गोळा झालेलें असतें. गाडी तापते म्हणून आपण पाणी घालतों, आणि घातलेल्या पाण्यानेंच ती अधिक तापण्याची व अधिक गळण्याची तयारी होते. यांत फसवणूक कोणाचीच नाहीं. पाणी देणारा सज्जन, घेणारा गरजू.

आमच्या गाडीचें असेंच झालें. पावसाळा लागला, हवा निवली, तरी दर दोन दिवसांनीं अर्धा लिटर पाणी कमी. प्रथम ज्या ठिकाणीं दाखविली तेथें रेडिएटर बदलावा असें ठरलें; बदलला. पाणी कमी होतच राहिलें. मग वॉटर पंप बदलला. त्या महिन्याचा वडिलांचा पगार बहुतेक तेथेंच गेला, व आईनें एक शब्दही न काढतां दुधाचा रतीब निम्मा केला, हें मला चांगलें आठवतें. शेवटीं कोणीतरी अमरावतीच्या एका वृद्ध मिस्तरींचें नांव सुचविलें.

मिस्तरींनीं गाडीला हातच लावला नाहीं. "आज काईच नाई पाहत, भाऊ. गाडी रातभर अठीच राहू द्या," एवढेंच ते म्हणाले. गाडीखालीं त्यांनीं जुन्या वर्तमानपत्राचे ताव पसरले. सकाळीं आम्ही गेलों तेव्हां ताव कोरडे होते. मग निवलेल्या इंजिनाकडे ते हातांत दिवा घेऊन किती तरी वेळ नुसते पाहत राहिले. ते काय पाहत होते, हें मीं विचारलें. मुलगा आहे म्हणून टाळलें नाहीं. पाणी वाळतें, पण डाग वाळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. खारपाण्यावर चालणाऱ्या गाडीला तर हा एकच फायदा, कीं जेथून पाणी निसटलें तेथें मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते. रबरी नळीच्या तोंडाशीं पट्टा आवळलेला असतो तेथें, रेडिएटरच्या टांकीला डाक लावलेला असतो तेथें, पंपाच्या खालच्या बाजूस आंतील सील फाटल्याचें कळावें म्हणून मुद्दाम ठेवलेलें बारीक भोंक असतें तेथें, आणि इंजिनाच्या कुशीला ओतकामाचीं भोकें बुजविण्याकरितां पत्र्याचीं गोल झांकणें ठोकलेलीं असतात, त्यांच्या कडेला. हीं शेवटचीं झांकणें आंतून कुजतात व बाहेरून रंगाच्या आड साळसूदपणें बसून असतात. कित्येकदां निर्दोष रेडिएटर बदलले जातात ते यांच्यापायीं.

आमच्या गाडीला यांपैकीं कोठेंच रेघ नव्हती. पाणी बाहेर जात नव्हतें. तें आंत जात होतें.

मग त्यांनीं तेलाची कांडी काढून पाहिली. तेलांत पाणी मिसळलें म्हणजे तें ताकासारखें पांढुरकें होतें. तसेंही नव्हतें. त्यांनीं रेडिएटरचें झांकण काढलें, तोंडापर्यंत पाणी भरलें व निवलेलें इंजिन सुरू करण्यास सांगितलें. पाण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पहा." एकामागून एक बुडबुडे वर येत होते. इतक्या लौकर पाणी उकळणें शक्य नव्हतें. ते बुडबुडे वाफेचे नव्हते; सिलिंडरमध्यें जळणाऱ्या वायूचे होते. तो वायु ज्या फटींतून पाण्यांत शिरत होता, त्याच फटींतून इंजिन थांबल्यावर पाणी सिलिंडरमध्यें उतरत होतें व सकाळीं पांढऱ्या धुराच्या रूपानें बाहेर पडत होतें. पावसाळी हवेंत तो धूर आम्हांला स्वाभाविकच वाटला होता. चारही प्लग त्यांनीं काढून फडक्यावर ओळीनें मांडले. तीन काळपट-तपकिरी, तिसऱ्या सिलिंडरचा मात्र धुतल्यासारखा लख्ख. वाफेनें तो रोज धुतला जात होता.

या सर्व परीक्षेला एक सकाळ लागली व एक पैचेंही सामान लागलें नाहीं. आज हातपंपानें रेडिएटरमध्यें दाब भरून गळती उघड करणारीं साधनें मिळतात, पाण्यांत मिसळून विशिष्ट प्रकाशांत चमकणारे रंग मिळतात. तीं उत्तमच आहेत. परंतु तीं वापरणाराही क्रम तोच ठेवतो: आधीं थंड, मग गरम, आधीं बाहेर, मग आंत, आणि कारण कळल्याशिवाय सुटा भाग बदलावयाचा नाहीं.

येथें हळदीचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. रेडिएटर पाझरूं लागला तर त्यांत मूठभर हळद टाकण्याची युक्ति आपल्या देशांतल्या ट्रकवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ती फुगून भोंकांत बसते व मुक्कामापर्यंत गाडी नेते. मुक्कामानंतर ती धुवून काढावी लागते, हा भाग मात्र परंपरेनें गाळला. तीच गोष्ट थर्मोस्टॅटची. इंजिन योग्य उष्णतेला येईपर्यंत पाणी अडवून धरणारी ही झडप "आपल्या उन्हांत हवी कशाला?" म्हणून किती तरी गाड्यांतून काढून फेकली गेली, आणि थंडींतल्या सकाळीं तीं इंजिनें कुडकुडत, जास्त पेट्रोल पीत चालूं लागलीं.

पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती एका नांवाची गोष्ट. ग्लायकॉल हा द्रव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तयार केला. १९२७ च्या सुमारास अमेरिकेंत तो मोटारीच्या पाण्यांत घालण्याकरितां डब्यांतून विकला जाऊं लागला, तो पाणी गोठूं नये म्हणून. आणि त्यामुळें त्याचें नांवही गोठणरोधक असेंच पडलें. अकोल्यांत पाणी गोठणार कधीं? साहजिकच येथल्या सुज्ञ माणसानें तो डबा हंसून परत केला. परंतु पुढें त्या द्रवांत गंज रोखणारीं द्रव्यें मिसळलीं जात होतीं, आणि शुद्ध पाण्यांत निम्मा मिसळल्यास त्याचा उत्कलनबिंदूही १०७ अंशांच्या आसपास जात होता. म्हणजे हिमप्रदेशासाठीं जें विकलें जात होतें त्याची आम्हांला गरज होती, ती सर्वस्वीं निराळ्या कारणासाठीं. नांव चुकलें आणि दोन पिढ्यांच्या इंजिनांनीं त्याची किंमत दिली. पुढें त्याला कूलंट म्हणूं लागले तेव्हां कोठें तो वऱ्हाडांत खपूं लागला.

आतां काळ बदलला आहे. वान धरणाचें गोडें पाणी नळांतून अकोट-तेल्हाऱ्याकडील कित्येक खेड्यांत गेलें, तरी खारपाणपट्ट्यांतील पाण्याचा प्रश्न मिटला असें कोणी म्हणूं नये. अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्यें पंचाहत्तर किलोमीटरांचा डांबरी थर पांच दिवसांच्या आंत, म्हणजे १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला. त्या रस्त्यावरून आजच्या बंद प्रणालीच्या गाड्या बॉनेट न उघडतां धांवतात. तरी ज्यांनीं घरची जुनी गाडी हौसेनें सांभाळली आहे त्यांच्याकडे हा प्रश्न अजूनही दर उन्हाळ्यांत येतो, आणि अनोळखी विहिरीची बादलीही येते. अडचणींत ती घ्यावी. मात्र घरीं पोंचतांच सर्व पाणी काढून, इंजिन शुद्ध पाण्यानें दोनतीनदां धुवून, मग ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट भरावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कोणत्याही घाईंत उघडूं नये. त्या वाफेनें अनेकांचे हात व तोंडें भाजलीं आहेत.

मिस्तरींनीं दुसऱ्या दिवशीं इंजिनाचें डोकें उतरविलें. तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला पाण्याची जी वाट होती, तिच्याभोंवतींचें ॲल्युमिनियम वाळवीनें लाकूड खावें तसें खाल्लेलें होतें, आणि गॅस्केटला टेकावयास तेथें धातूच उरला नव्हता. खळग्यांत पांढरी भुकटी होती. वडिलांनीं ती बोटानें टिपली व जिभेला लावली. मग त्यांनीं मिस्तरींना विचारलें, कीं हें पाणी जीं माणसें पितात त्यांचें काय होत असेल? मिस्तरी त्याच पट्ट्यांतले, दर्यापूरकडचे. ते फडक्यानें हात पुसत राहिले. "माहा बाप तेच पानी पेत जाय," ते म्हणाले, आणि तें डोकें वेल्डिंगला देण्याकरितां पोत्यांत बांधूं लागले.